तीनशे बारा ऐन

६ फेब्रुवारी २०२३

आज उतार पाहिला. सफाळ्याच्या पूर्वेला, हेदपाड्याच्या वर. चाळीस एकर. गवत, मुरूम, करवंदीच्या जाळ्या आणि खुंटं. हेदपाड्यात हेदाचं झाड एकही नाही.

जागा सरकारी. बोईसरची एक रसायन कंपनी खर्च करणार, आमची संस्था जंगल उभं करणार, आणि कोणती झाडं लावायची ते मी ठरवणार. अकरा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्या अकरा वर्षांत मला कोणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं.

मी सांगोल्याची. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची बाभूळ आणि लिंब. इथल्या जंगलाबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक पुस्तकातलं आहे. हे फक्त इथे लिहिते.

९ फेब्रुवारी

प्रकल्पप्रमुख विनोद. त्याच्याकडे यादी तयार होती. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, कदंब.

"कदंब कशाला?"

"कंपनीच्या साहेबांच्या आईला आवडतो."

"आणि बाकीची?"

"वर्षाताई, तीन वर्षांत हिरवं दिसलं पाहिजे. वरून उपग्रह फोटो काढतो. त्याला नावं कळत नाहीत."

मी म्हटलं, मग प्लॅस्टिकचं गवत अंथरा. तो हसला. तो चटकन हसतो, त्यामुळे त्याच्याशी भांडण पुरं होत नाही. शेवटी चोवीस जाती मी निवडायच्या असं ठरलं. कदंब राहील.

१४ फेब्रुवारी

निवडीचे निकष मांडले. गवताला सावलीत मारणारी. पाखरांना फळ देणारी, म्हणजे पुढचं बी पाखरं आणतील. वणवा गेला तरी बुडातून फुटणारी. आणि इथलीच.

गिरिपुष्पावर लाल रेघ मारली. परदेशी, लवकर वाढणारं, हावरं झाड. पानात विष. उंदीर मरतात म्हणे. माझ्या उतारावर ते येणार नाही.

"माझ्या उतारावर" असं लिहून गेले. राहू दे.

१७ फेब्रुवारी

पाड्यातल्या जमनाकडे गेले. पन्नाशीची असेल. सगळे म्हणतात, झाडं विचारायची तर तिला. ओट्यावर बसून तिने सुरुवात छान केली. कुडा, पांगारा, भोकर, करंज, काकड, सावर. प्रत्येकाचं फूल कधी, फळ कधी, कोणतं पाखरू खातं, सगळं. मी भराभर लिहीत होते.

मग तिने विचारलं, "बाई, तू हे कागदावर लिवतेस, मग ते झाड कोनाचं?"

"जंगलाचं," मी म्हटलं.

"जंगल कोनाचं?"

"सगळ्यांचं."

त्यानंतर तिला फारसं आठवेना. मोह विचारला, म्हणाली माहीत नाही. ऐन विचारला, म्हणाली असंल कुठं. शेवटी घाणेरी सांगितली. घाणेरी! ते तर बाहेरून आलेलं तण.

तिचा सासरा जिवल्या कोपऱ्यात विडी ओढत होता. म्हणाला, "बाई, तू झाडं लावतेस, तर मला पन लाव. मी पन सुकलो हाय." सगळ्या बायका हसल्या.

परत येताना वाईट वाटत होतं. एका पिढीत एवढं ज्ञान पुसलं जातं. अहवालात याबद्दल एक परिच्छेद लिहीन.

२० फेब्रुवारी

मोजणी. फीत धरायला जमनालाच घेतलं.

संस्थेच्या फॉर्मप्रमाणे झाडाचं छत्र मोजायचं, म्हणजे पाल्याचा घेर. घेर एक मीटरहून कमी असेल तर ते झाड धरायचं नाही. छत्राखाली दहा टक्क्यांहून जास्त जमीन असेल तर जागा उजाड ठरत नाही, आणि उजाड नसेल तर प्रकल्प होत नाही.

खुंटं ऐनाची निघाली. मगरीच्या पाठीसारखी साल, चुकायला जागा नाही. पुरुषभर, दोन पुरुष उंच, पण फांदी एकही नाही. नुसते खांब. टोकाला चार काटक्या. तीनशे बारा मोजली. मधूनमधून एखादं काकडाचं झाड, सावरीची दोन. छत्राखाली चार टक्के.

जमना प्रत्येक खांबापाशी विचारत होती, "ह्याला काय लिवलंस?"

"झाड नाही."

"आन ह्याला?"

"झाड नाही."

दहाव्या-बाराव्या वेळेला ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. दिवसभर फार खुशीत होती. उतरताना तिने मला टोपलीभर बोरं दिली.

एका खांबाची साल नखाने खरवडली होती. आत ओल होती. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

२ मार्च

ग्रामसभेत मी बोलले. जंगल आलं तर पाणी येईल, फळं येतील. कुंपण गुरांपासून झाडं वाचवायला, माणसांना अडवायला नाही.

जमना उठून म्हणाली, "आत जाता येल ना? आमचं काम असतं वर."

"झाडांना धक्का लागत नसेल तर कोण अडवेल?"

"तू लिवलंस त्या झाडांना ना?"

"हो. यादीतल्या."

"मंग हरकत नाय," ती बाकीच्यांना म्हणाली. "ज्या झाडांशी आपलं काम, ती बाईनं लिवलीच नायत." आणि सगळ्यांत आधी अंगठा दिला. तिच्यामागे बाकीचे.

काम म्हणजे लाकूडफाटा असावा. विचारायचं राहिलं. विनोद बाहेर म्हणाला, "ताई, तुमच्याच्याने झालं. मला चार चकरा लागल्या असत्या." मला बरं वाटलं.

११ मार्च

यादी पक्की केली. चोवीस. पहिला ऐन. खुंटं सांगतात की इथे एके काळी ऐनाचं रान होतं. ते तोडून नेलं कोणीतरी. जे होतं तेच परत आणायचं. दुसरा मोह. मग हेद, कळंब, उंबर, काकड, भोकर, टेंभुर्णी, आवळा, बेहडा, शिवण. चोविसावा कदंब.

ऐनाची पंखवाली फळं गोळा करायला सांगितली. दहा पेरली तर तीन उगवतात. चालेल.

२२ एप्रिल

खाली पाड्यात सगळीकडे धूर. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, सुका पाला, वर माती पसरून जाळतात. राब म्हणतात त्याला. त्या राखेत भाताचं बी पडतं. एवढा पाला! कुजवला असता तर केवढं खत झालं असतं. वणव्याचा धोका वेगळाच. पुढच्या वर्षी प्रशिक्षण ठेवायला हवं.

जिवल्या राखेच्या कडेला बसला होता. मी विचारलं, एवढा पाला आणता कुठून?

"वरून," तो म्हणाला.

आभाळातून पडावा तसा हात केला त्याने. हा माणूस सरळ उत्तर देतच नाही.

१८ जून

कुंपण पुरं झालं. अकरा हजार रोपांची लागवड सुरू. पाड्यातल्याच बायका खड्डे करतात. जमनाचा हात चांगला आहे. रोप पिशवीतून काढताना माती सुटू देत नाही. मी पाहत राहिले आणि स्वतः दोन लावली. एक मेलं तरी कळणार नाही इतक्यांत, तरी ती दोन कुठे आहेत हे मला माहीत आहे.

२७ जून

विलक्षण गोष्ट. ती खुंटं जिवंत आहेत. सगळी. खांबांना बुडापासून टोकापर्यंत कोवळी पानं फुटली आहेत. तीनशे बारा हिरवे खांब. नुसतं कुंपण घातलं, गुरं थांबली, आणि फेब्रुवारीत मेलेलं झाड उठून बसलं!

विनोदला फोटो पाठवले. त्याने अंगठा पाठवला. तिमाही अहवालात एक पूर्ण पान त्यावर लिहिलं. "संरक्षणाचा तात्काळ परिणाम" असा मथळा दिला.

जमनाला दाखवलं. म्हटलं, बघ. ती म्हणाली, "दर साली फुटतात." मला वाटतं तिला कौतुक करायची सवय नाही.

४ डिसेंबर

आज कळलं.

सकाळी जमना आणि पाच-सहा बायका-पुरुष कोयते घेऊन फाटकाशी आले. राखणदाराने अडवलं. मला बोलावलं. जमना मला बघून हायसं वाटल्यासारखी पुढे आली.

"सांग बाई याला. कवळं तोडायची हायत."

"कसली?"

"ऐनाची. राबाला."

मग ती समजावू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. दिवाळी झाली की ऐनाच्या फांद्या तोडायच्या. त्यांचे भारे म्हणजे कवळं. ती उन्हाळ्यापर्यंत वाळवायची, शेतात पसरून जाळायची. शेंडा राखायचा, तो तोडत नाहीत. शेंडा राखला की झाड मरत नाही, पावसात परत फुटतं. कोणता ऐन कोणाचा ते ठरलेलं. तिच्या घराचे एकवीस. लग्नात आली तेव्हा सासूने हात धरून दाखवले होते, हे आपले.

"राब नाय तर रोप नाय," ती म्हणाली. "रोप नाय तर भात नाय."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू लिवत होतीस ना. लिवलं की सरकारचं होतं. तू बोललीस, ह्ये झाड नाय. मी घरी येऊन सांगितलं, बाई चांगली हाय, तिनं ऐन सोडले. म्हनून तर अंगठा दिला."

मी त्यांना आठ दिवस थांबायला सांगितलं.

फेब्रुवारीत मी उजाड म्हणून जे मोजलं ते नुकतंच छाटलेलं रान होतं. कोणी तोडून नेलेलं जंगल नव्हतं. दर वर्षी वापरात असलेलं, शिस्तीत राखलेलं, जिवंत. आणि मी खांबाची साल खरवडली होती.

६ डिसेंबर

विनोदला सगळं सांगितलं. मोजणी चुकली, दुरुस्ती करू.

"किती झाडं?"

"तीनशे बारा."

"ती धरली तर छत्र किती होतं?"

"छाटणीआधी मोजलं असतं तर बावीस-चोवीस टक्के."

"म्हणजे जागा उजाड नाही. म्हणजे प्रकल्प नाही. आणि आपण काय केलं? जंगलात जंगल लावलं?" तो या वेळी हसला नाही. "तुमची अकरा हजार रोपं, ताई. कुंपण निघालं तर दोन दिवसांत शेळ्या खातील."

"मग निदान छाटू द्या त्यांना."

"जूनमध्ये हिरवं आणि जानेवारीत बोडकं? कंपनी विचारेल की काय तोडलं. आणि त्या पानभर अहवालाचं काय? तुम्हीच लिहिलंय. संरक्षणाचा तात्काळ परिणाम."

दुरुस्तीचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. दीड पान. भाषा बरी जमली आहे.

१२ डिसेंबर

पाड्यात गेले. म्हटलं, या वर्षी नको. पुढच्या वर्षी मी बघते काहीतरी. तोवर बांधावर लावायला मी रोपं देते, लवकर वाढतात, दोन वर्षांत पाला मिळेल.

"कुठली रोपं?" जमनाने विचारलं.

"गिरिपुष्प."

हे मीच म्हणाले.

"पाला तेवढा मिळेल? जळतो नीट?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मिळेल.

जिवल्या म्हणाला, "बाई, तुझी रोपं पिशवीत येतात. आमचं पोट कुठल्या पिशवीत ठेवू तेवढं सांग." कोणी हसलं नाही.

निघताना जमना म्हणाली, "या तुमी, बाई."

२१ मे २०२४

पाच महिन्यांत इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

उन्हाळ्यात रोपं गेली. मोह जवळजवळ सगळा. हेद पूर्ण. माझ्या दोनांपैकी एकही नाही. पाणी टँकरने घातलं, पण मुरुमात ते थांबत नाही. ऐनाचं नवं रोप नऊशेपैकी सत्तर शिल्लक. जुने ऐन मात्र न छाटल्यामुळे फांद्या पसरून उभे आहेत. उतारावर सावली पडू लागली आहे.

पाड्यात या वर्षी धूर दिसला नाही. दोन-तीन तुकड्यांवर गवत आणि शेण जाळलेलं. माझ्या प्रशिक्षणाची गरज उरली नाही.

पत्र कपाटात आहे.

१६ जुलै

खाली भाताची रोपं पाहिली. पिवळी, बोटभर. त्यांच्यापेक्षा तण उंच. राबाची राख तण मारते, हेही मला आज कळलं. बायका तणातून भाताचं रोप हुडकून काढत होत्या. केस विंचरावेत तशा.

जमनाने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी सावकाश पुढे गेले, काही कामासाठी आल्यासारखी.

गिरिपुष्पाची रोपं बांधावर लागली आहेत. चांगली वाढतात.

९ नोव्हेंबर

तपासणी झाली. मुंबईहून दोघे आले. रोपांची मोजदाद त्यांनी मागितली नाही. छत्र मागितलं. चारवरून एकतीस टक्के.

"जात कोणती प्रमुख?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"ऐन," विनोद म्हणाला. "यादीत पहिली. वर्षाताईंची निवड."

मी खाली पाहिलं. खरं होतं. यादीत पहिला ऐन आहे. माझ्या अक्षरात.

त्यांनी माझं अभिनंदन केलं. दोन वर्षांत इतकं जंगल त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. एक जण एका ऐनाच्या बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला. बुंधा त्याच्या कवेत मावत नव्हता. त्याला काहीच वाटलं नाही. जे वाटायला हवं होतं ते कागदावर नव्हतं.

पुढचा उतार वाडा तालुक्यात आहे. जाती मीच ठरवायच्या.

२ डिसेंबर

विनोदला पुन्हा विचारलं. या वर्षी निम्मे तरी छाटू द्या. तो म्हणाला, लेखी मागा. मी लेखी मागितलं नाही. लेखी मागायचं तर ते ऐन कोणाचे आहेत तेही लिहावं लागतं.

गेल्या वर्षी जमनाला "पुढच्या वर्षी बघते" म्हटलं होतं. पुढचं वर्ष आलं. तिच्या घरात भात फाल्गुनापर्यंतही पुरणार नाही असं राखणदार म्हणाला. तिचा मुलगा सातपाटीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

१३ जानेवारी २०२५

काल सकाळी हेदपाड्यातल्या नऊ बायका तारा वर उचलून आत गेल्या. राखणदार चहाला खाली आला होता. तो परत येईपर्यंत सगळेच्या सगळे तीनशे बारा ऐन छाटून झाले होते. नऊ जणींकडून एवढ्या वेळात होणार नाही. पाड्यातल्या सगळ्यांचेच हात लागले असणार, पण फांद्यांच्या भाऱ्यांपाशी बसून राहिल्या नऊ जणी. पळाल्या नाहीत.

विनोदने तक्रार दिली. लागवडीचं नुकसान.

१४ जानेवारी

चौकीत बोलावलं. बाकावर जमना आणि आठ जणी. हवालदार वाड्याकडचा, उतारवयाचा. विनोदने यादी आणि अहवाल पुढे ठेवले. हवालदाराने पानं उलटली.

"झाडं किती?"

"तीनशे बारा," विनोद म्हणाला.

"कसली?"

"ऐन."

"वय?"

"प्रकल्प दोन हजार तेवीसचा आहे."

हवालदाराने पेन टेबलावर ठेवलं. "मी आत्ता बघून आलो वर. आमच्याकडे पन ऐन हायत. मला वाटतं माझ्या आज्याच्या वयाचे असतील." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही त्यातल्या तज्ज्ञ. तुमचं नाव हाय कागदावर. ही झाडं तुम्ही लावलीत का?"

माझ्याकडे दीड पानाचं पत्र पर्समध्ये होतं. सकाळी कपाटातून काढून घेतलं होतं. ते द्यायचंच असं ठरवून निघाले होते.

नाही म्हटलं तर पहिला अहवाल खोटा. मग सगळे अहवाल. मग वाड्याचा उतार नाही, आणि हाही नाही, आणि वाचलेली अडीच हजार रोपं शेळ्यांना. ती खरी आहेत. ती मी लावली आहेत. असा मी विचार केला. असा विचार करायला फार वेळ लागला नाही.

"हो," मी म्हटलं.

बाकावरून हसण्याचा आवाज आला. जमना.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "बाईंनीच लावली. माझ्या सासऱ्याचा बाप पानी घालायला होता त्यांच्याकडं. रोजावर."

आठही जणी हसल्या. एकीला इतकं हसू आलं की तिने भिंतीकडे तोंड केलं. शिपाईसुद्धा हसला. विनोद म्हणाला, गंभीर बाब आहे ही. हवालदार हसला नाही. त्याने पेन उचललं आणि मी सांगितलं तसं लिहिलं.

मी सही केली. वय दोन वर्षं, असं आहे त्यात.

१७ जानेवारी

उतारावर गेले. प्रत्येक ऐनाचा शेंडा राखलेला. घाव तिरपे, पाणी साचणार नाही असे. खाली लावलेल्या रोपांपैकी एकही मोडलेलं नाही. भारे ओढताना वाट बदलली आहे, दर रोपाला वळसा घालून. गवतात ते वळसे दिसतात.

बायकांना जामीन मिळाला. अट अशी की उताराच्या आत पाऊल ठेवायचं नाही. छाटलेल्या फांद्या मुद्देमाल म्हणून चौकीमागे नेऊन टाकल्या. सहा टेम्पो भरले.

३ मार्च

पत्र अजून पर्समध्येच होतं. घड्यांवर फाटलं. परत उतरवून काढलं नाही.

वाड्याच्या उताराची यादी दिली. चोवीस जाती. ऐन घातला नाही. विनोदने विचारलं, का? मी म्हटलं, तिथे आधीपासून आहे. तो म्हणाला, मग तर घालाच.

घातला.

२४ एप्रिल

हवालदाराचा फोन. चौकीमागचा पाला वाळून कडकडीत झाला आहे, कोणी विडी टाकली तर सगळं पेटेल. पंचनामा, फोटो झालेले आहेत, वरून परवानगी आली आहे. नष्ट करायचा तर मालकाची सही लागते.

"मालक कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच की मॅडम. तुम्ही लावलीत ना?"

गेले. संस्थेतर्फे, मालक म्हणून सही केली. दोन शिपायांनी ढीग मोकळ्या जागेत पसरला आणि हवालदाराने स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावली. ऐनाचा सुका पाला फार चांगला जळतो. अर्ध्या तासात जमिनीवर वीतभर राख होती. काळी, मऊ, सारख्या जाडीची.

हवालदार कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, पावसाळ्यात इथे टाकळा उगवेल नुसता.

मी विचारलं, ही राख कोणाला नेता येईल का?

"मुद्देमाल आहे," तो म्हणाला. "नेता नाही येत."